कोयोटीजच्या विक्रीत ग्लेनडेल शहराने पैसा घालायला हवा होता का?

रखरखाट (धागाकर्ता)

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या लीगमधला अॅरिझोना कोयोटीज हा संघ एप्रिल २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेला आणि आता तो युटा मॅमथ या नावाने खेळतो. संघ का गेला, या प्रश्नावर बहुतेक जण शेवटच्या मालकाचे नाव घेऊन मोकळे होतात. माझ्या मते खरी गाठ त्याच्या कितीतरी आधी, २००९ ते २०१३ या काळात पडली. त्या काळात संघाला स्वतःचा असा मालकच नव्हता आणि जेमतेम सव्वादोन लाख वस्तीचे, फिनिक्सलगतचे ग्लेनडेल शहर त्याचा भार वाहत होते.

ज्यांना तो इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ५ मे २००९ रोजी तेव्हाचे मालक जेरी मोयेस यांनी संघासाठी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वेळी ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीचे जिम बाल्सिली यांचा २१.२५ कोटी डॉलरचा देकार न्यायालयापुढे ठेवला. संघ कॅनडातील हॅमिल्टनला हलवायचा, ही त्या देकाराची अट होती. एनएचएलने आणि ग्लेनडेलने कडाडून विरोध केला, न्यायाधीश रेडफील्ड बॉम यांनी सप्टेंबरअखेर देकार फेटाळला आणि शेवटी लीगनेच १४ कोटी डॉलरला संघ विकत घेतला. त्यानंतर २०१०-११ आणि २०११-१२ या दोन हंगामांसाठी नगरपरिषदेने लीगला प्रत्येकी अडीच कोटी डॉलर देण्याचे मंजूर केले. २ जुलै २०१३ रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी नव्या मालकांशी करार झाला, ज्यात अरीना (संघाचे बंदिस्त क्रीडागृह) चालवण्याबद्दल त्यांना वर्षाला दीड कोटी डॉलर, अशी पंधरा वर्षे मिळायची होती. जून २०१५ मध्ये परिषदेने तोच करार ५ विरुद्ध २ मतांनी मोडला.

शहराने पैसे दिले याला माझा आक्षेप नाही. दोनच वर्षांत शब्द फिरवला याला आहे. ज्या संघाला आपण पुढच्या वर्षी कोठे खेळणार हे सांगता येत नाही, त्याचे सीझन तिकीट कोण घेईल? आपल्याला काय वाटते?

आकडेमोड

धागाकर्त्यांनी एक आकडा सोडून दिला आहे आणि माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट त्या आकड्यातच आहे. सप्टेंबर २००९ मध्ये बाल्सिली यांनी देकार २४.२५ कोटींपर्यंत वाढवला होता आणि त्यातले ५ कोटी, विरोध मागे घेतल्यास, ग्लेनडेलला मिळणार होते. शहराने ते नाकारले. पुढच्या दोन हंगामांसाठी त्याच शहराने लीगला किती मंजूर केले? अडीच आणि अडीच, म्हणजे पाच कोटी. येणारे पाच नाकारून जाणारे पाच कबूल करणे, याला मी तरी क्रीडाप्रेम म्हणू शकत नाही.

परंतु त्यासाठी परिषदेला वेड्यात काढूनही चालणार नाही, कारण तिचे हात २००३ मध्येच बांधले गेले होते. अरीना सुमारे २२ कोटी डॉलरना उभे राहिले आणि त्यातले १८ कोटी शहराने रोखे काढून घातले होते. संघ गेला तरी रोख्यांचे हप्ते जात नाहीत. हिवाळ्यातल्या एक्केचाळीस घरच्या सामन्यांच्या भरवशावर बांधलेली वास्तू आणि भोवतालचा वेस्टगेटचा बाजार ओस पडेल, ही भीती खोटी नव्हती. वाटाघाटीच्या टेबलावर ज्याला उठून जाता येत नाही त्याच्याकडून समोरचा हवे ते कबूल करून घेतो, आणि २००९ नंतर टेबलावर आलेल्या प्रत्येकाला ग्लेनडेलची ही अडचण पाठ होती. २०१३ मधले ते चार विरुद्ध तीन मतदान म्हणजे दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाचा हप्ता होता.

मधली_रांग

आकडे बरोबर असतील, पण खेळाविषयी कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. २०१२ चा वसंत आठवा. संघाची मालकी लीगकडे, खर्चावर लगाम, आणि तरीही डेव्ह टिपेट यांच्या हाताखाली कोयोटीज पहिल्यांदाच आपल्या विभागात अव्वल आले. गोलरक्षक माइक स्मिथ भिंतीसारखे उभे राहिले, शिकागो आणि नॅशव्हिल यांना हरवून संघ वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत गेला आणि तेथे लॉस एंजेलिस किंग्जकडून पाच सामन्यांत हरला. अरीना पांढऱ्या सदऱ्यांनी गच्च भरलेले होते. वाळवंटात हॉकी चालत नाही असे म्हणणाऱ्यांनी ते दृश्य पाहायला हवे होते.

शिवाय संघ शहराला काय देतो, याचे मोजमाप केवळ पार्किंगच्या पावत्यांत होत नाही. स्कॉट्सडेलमध्ये वाढलेला एक मुलगा कोयोटीजचे सामने पाहत हॉकीकडे वळला आणि २०१६ मध्ये टोरंटोने त्याला सर्वांत पहिला खेळाडू म्हणून निवडले. ऑस्टन मॅथ्यूज हे नाव आज सगळ्या लीगला ठाऊक आहे. हा परतावा रोख्यांच्या कोणत्या रकान्यात लिहायचा?

एकओळी

हा धागा हॉकीचा आहे की म्युनिसिपल रोख्यांचा, हे ठरेपर्यंत पहिला मध्यंतर झाला.

कलम_सात

विक्री इतकी का लांबली, याचे कायदेशीर कारण येथे अद्याप आलेले नाही. अॅरिझोनाच्या राज्यघटनेत, नवव्या अनुच्छेदाच्या सातव्या कलमात, सरकारी संस्थांनी खासगी व्यक्तीला किंवा कंपनीला देणगी देऊ नये असे बंधन आहे. जानेवारी २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टर्कन विरुद्ध गॉर्डन या खटल्यात त्याचा अर्थ अधिक कडक केला: सरकारने दिलेला पैसा आणि त्याबदल्यात प्रत्यक्ष मिळालेली वस्तू किंवा सेवा यांत ढोबळ विषमता नसावी, आणि भविष्यात वाढणाऱ्या करांसारखे अप्रत्यक्ष लाभ त्या हिशेबात धरू नयेत.

आता याच्या प्रकाशात मॅथ्यू हल्सायझर यांचा सौदा पाहा. शिकागोच्या या गुंतवणूकदाराला शहर १० कोटी डॉलर देणार होते आणि कागदावर त्याबदल्यात शहराला अरीनाभोवतीच्या पार्किंगचे हक्क मिळणार होते. सरकारी खर्चाविरुद्ध खटले लढवणाऱ्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट या खासगी संस्थेचे म्हणणे होते की हे हक्क मुळात शहराचेच आहेत, आणि आपलीच वस्तू १० कोटींना विकत घेणे म्हणजे देणगीच होय. खटल्याची टांगती तलवार असताना ते पैसे उभारण्यासाठीचे शहराचे रोखे खपेनात आणि जून २०११ मध्ये हल्सायझर बाजूला झाले. खटला प्रत्यक्ष दाखल करावाच लागला नाही.

रखरखाट

@कलम_सात, माहितीपूर्ण प्रतिसादाबद्दल आभार. परंतु याच मुद्द्यावर माझा राग आहे. निवडून न आलेल्या एका संस्थेने केवळ खटल्याच्या धमकीवर निवडून आलेल्या परिषदेचा निर्णय हाणून पाडला. हल्सायझर यांचा सौदा झाला असता तर पुढची दोन वर्षे वाचली असती आणि २०१३ मध्ये हाताला लागेल तो ग्राहक धरण्याची वेळ आली नसती. त्याआधी जेरी राइन्सडॉर्फ आले आणि गेले, नंतर ग्रेग जेमिसन आले आणि जानेवारी २०१३ ची मुदत पाळू न शकल्याने गेले. एवढे ग्राहक येऊन परत गेल्यावर कोणत्याही मालाची किंमत पडतेच.

कलम_सात

किंमत पडली असे म्हणता येत नाही. लीगने १४ कोटींना घेतलेला संघ २०१३ मध्ये १७ कोटींना विकला. पडली ती शहराची पत. आणि त्या संस्थेची राजकीय बाजू मला पटत नसली तरी, खटल्याच्या नुसत्या शक्यतेने गुंतवणूकदार रोख्यांपासून दूर राहत असतील तर त्यांनाही त्या सौद्यात काहीतरी खटकले असणार, एवढे मान्य करायला हवे.

विनिपेगकर

या धाग्यावर थोडे खिजवण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो. @मधली_रांग, ज्या पांढऱ्या सदऱ्यांचे आपण इतक्या प्रेमाने वर्णन केलेत, ती प्रथा १९८७ पासून आमची आहे. १९९६ मध्ये आमचे विनिपेग जेट्स उचलून फिनिक्सला नेले आणि त्यांचेच कोयोटीज झाले, तेव्हा सामानासोबत तीही गेली. शेन डोनसुद्धा मुळात आमचाच: १९९५ मध्ये जेट्सने निवडलेला आणि २०१७ पर्यंत त्याच एका फ्रँचायझीसाठी खेळलेला.

विनोद बाजूला ठेवून सांगतो. मे २०१० मध्ये ग्लेनडेलच्या परिषदेने ते पहिले अडीच कोटी मंजूर केले, तेव्हा संघ परत आणण्यासाठी विनिपेगमधला गट तयार बसला होता. त्या रात्री येथे अनेकांचा हिरमोड झाला. पुढच्याच वर्षी अटलांटाचे थ्रॅशर्स १७ कोटींना घेऊन त्याच गटाने आमचे जेट्स पुन्हा उभे केले. त्यातले ६ कोटी हे केवळ स्थलांतराचे शुल्क म्हणून लीगला गेले. अटलांटा शहराने एक डॉलरही पुढे केला नाही. म्हणजे ज्या शहराने पैसे दिले त्याच्या परिसरात संघ आणखी तेरा वर्षे राहिला, आणि ज्याने दिले नाहीत त्याचा त्याच उन्हाळ्यात गेला. धागाकर्त्यांना हवे असलेले उत्तर कदाचित हेच असेल, मात्र त्यात तेरा वर्षांची किंमत किती, हा प्रश्न उरतोच.

आकडेमोड

@विनिपेगकर, तुलना चांगली आहे, परंतु अटलांटाच्या डोक्यावर एकाच संघासाठी काढलेले कर्ज नव्हते. त्यांचे अरीना बास्केटबॉलच्या हॉक्सचेही होते. त्यामुळे "जा" असे म्हणणे त्यांना परवडले. ग्लेनडेलच्या अरीनात दुसरा भाडेकरू नव्हता.

वाटसरू

ग्लेनडेलमध्येच अरीना का, हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचे नवल वाटते. हॉकीची तिकिटे घेणारा वर्ग मोठ्या प्रमाणावर फिनिक्सच्या खोऱ्याच्या पूर्वेला, म्हणजे स्कॉट्सडेल आणि आसपास राहतो, ग्लेनडेल पश्चिमेला. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सामन्यासाठी सगळे महानगर ओलांडून जायचे, तेही फिनिक्सच्या गर्दीच्या वेळी. संघाचे तेव्हाचे मालक स्टीव्ह एल्मन यांना मुळात अरीना स्कॉट्सडेलमध्ये, जुन्या लॉस आर्कोस मॉलच्या जागेवर हवे होते. ते जमले नाही आणि ग्लेनडेलने पायघड्या घातल्या. ज्या शहराला संघाची सर्वाधिक हौस होती त्यानेच तो घेतला. प्रेक्षक कोठे राहतात हे कोणी पाहिले नाही.

मधली_रांग

@वाटसरू, शब्दन् शब्द खरा आहे. त्याआधी फिनिक्सच्या मध्यवर्ती भागात, अमेरिका वेस्ट अरीनात खेळायचो, तेव्हा जागा सोयीची होती. पण ते बांधले होते बास्केटबॉलसाठी, त्यामुळे कित्येक आसनांवरून एका बाजूचा गोलच दिसत नसे. ग्लेनडेलला गोल दिसायचा, घर दिसायचे नाही.

एकओळी

एका बाजूला गोल दिसत नाही, दुसऱ्या बाजूला नफा दिसत नाही. प्रेक्षकाने पाहायचे तरी काय?

मूकवाचक

क्वचितच लिहितो, परंतु एक शंका आहे. शहराने २०१५ मध्ये करार "मोडला" असे सगळे लिहीत आहेत. पंधरा वर्षांचा करार परिषदेला मतदान करून असा मोडता येतो का?

कलम_सात

तसा येत नाही. म्हणूनच शहराने हितसंबंधांच्या कायद्याचा आधार घेतला. अॅरिझोनाच्या कायद्यानुसार, सरकारी बाजूने ज्याने करार घडवण्यात महत्त्वाचा भाग घेतला अशी व्यक्ती पुढे समोरच्या पक्षाकडे नोकरीला लागली, तर तीन वर्षांच्या आत सरकारी संस्थेला करार रद्द करता येतो. शहराचे एक माजी वकील पुढे संघाच्या सेवेत गेले होते आणि परिषदेने त्यावर बोट ठेवले. संघ न्यायालयात गेला आणि त्याला तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. शेवटी जुलै २०१५ मध्ये तडजोड झाली: मुदत पंधराऐवजी दोन वर्षे आणि वर्षाचे शुल्क दीड कोटीऐवजी ६५ लाख डॉलर.

माझे वैयक्तिक मत असे की कायद्याचे कारण निमित्तमात्र होते. तिकिटांवरचे अधिभार आणि पार्किंग यांतून जेवढे परत येईल असे २०१३ मध्ये सांगितले गेले होते तेवढे येत नव्हते, आणि बाहेर पडायची एक खिडकी उघडी आहे हे शहराच्या ध्यानात आले. मुळात करारातच मालकांसाठी दार ठेवलेले होते: पाच वर्षांत एकूण तोटा ५ कोटींवर गेला तर त्यांना संघ हलवायची मुभा होती. मालकाला दार आणि शहराला भिंत अशी रचना असेल, तर शहराने खिडकी शोधली याबद्दल मला त्याला विश्वासघातकी म्हणवत नाही.

सह्यकडा

थोडे विषयांतर होईल, पण आपल्याकडे सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला पुणे वॉरियर्स घेतली आणि २०१३ मध्ये बँक हमीच्या वादावरून ती फ्रँचायझी संपली, तेव्हा महापालिकेने संघ वाचवावा असे कोणाच्या मनातही आले नाही. भांडण मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यातच राहिले. अमेरिकेत शहरे यात का पडतात? आणि पैसेच घालायचे तर सरळ संघाची मालकी का घेत नाहीत?

पावसाळी

@सह्यकडा, पडतात कारण लीग संघांची संख्या मुद्दाम कमी ठेवते. संघ मिळावा म्हणून रांगेत उभी असलेली शहरे नेहमीच संघांपेक्षा जास्त असतात आणि प्रत्येक मालकाला "नाहीतर आम्ही तिकडे जाऊ" असे म्हणता येते. मालकीचे म्हणाल तर ग्रीन बे पॅकर्स हा संघ शंभर वर्षांपासून सामान्य भागधारकांचा आहे, परंतु एनएफएलच्या नियमांनुसार आता तसा दुसरा संघ होऊ शकत नाही.

मी सिएटलमध्ये राहते, म्हणून आमचे उदाहरण देते. २००६ मध्ये येथील मतदारांनी प्रचंड बहुमताने ठरवले की क्रीडा संघाच्या इमारतीत शहराने पैसा घातला तर त्यावर सरकारी रोख्यांइतका तरी परतावा मिळालाच पाहिजे. २००८ मध्ये बास्केटबॉलचे सॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला गेले. शहराने भाडेकराराच्या उरलेल्या दोन वर्षांसाठी खटला लढवला आणि ४.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. दुःख झाले आणि अजूनही होते. पण त्याच जागेवर, शहराच्याच मालकीच्या वास्तूत, शंभर कोटींहून अधिक खासगी पैशातून नवे अरीना उभे राहिले आणि २०२१ मध्ये तेथे एनएचएलचा क्रॅकन हा संघ आला. "नाही" म्हटल्यावर संघ कायमचा जातोच असे नाही. मात्र सिएटलची श्रीमंती ग्लेनडेलकडे नव्हती, हेही लिहायला हवे.

रखरखाट

@पावसाळी, आपला शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सिएटल हे महानगर आहे. ग्लेनडेल हे उपनगर आहे, ज्याच्या डोक्यावर त्याच सुमारास बेसबॉलच्या सरावमैदानाचेही कर्ज होते आणि ज्याने २०१२ मध्ये विक्रीकर वाढवला. मोठ्या शहराने नाही म्हणणे आणि उपनगराने नाही म्हणणे यांत फरक आहे.

आकडेमोड

तो फरक टेम्पीला आडवा आला नाही. टेम्पीही उपनगरच आहे. १६ मे २०२३ रोजी तेथील मतदारांपुढे २१० कोटी डॉलरचा प्रकल्प होता: जुन्या कचराभूमीच्या जागेवर अरीना, हॉटेले आणि घरे. कोयोटीजचे शेवटचे मालक अॅलेक्स मेरुएलो खासगी पैशाची हमी देत होते, शहराकडून मुख्यतः करसवलती मागत होते. तिन्ही प्रस्ताव सुमारे ५६ टक्के मतांनी फेटाळले गेले. स्काय हार्बर विमानतळाचा विरोध हे एक कारण होतेच, परंतु शेजारच्या ग्लेनडेलची पंधरा वर्षे मतदारांनी पाहिली नव्हती असे कोण म्हणेल? त्यातच डिसेंबर २०२१ मध्ये थकीत कर भरले नाहीत तर अरीनाला कुलूप लावू, अशी नोटीस ग्लेनडेलने संघाला दिली होती.

आता विक्रीच्या किमती एका ओळीत ठेवून पाहा. २००९ मध्ये १४ कोटी, २०१३ मध्ये १७ कोटी, २०२४ मध्ये १२० कोटी. शेवटच्या १२० पैकी १०० कोटी मेरुएलो यांना आणि २० कोटी लीगला मिळाले. हे मूल्य जिवंत ठेवण्यासाठी अडचणीच्या काळात ज्यांनी खिसा रिकामा केला त्यांच्या वाट्याला शून्य. शहर जोखमीत भागीदार होते, नफ्यात नव्हते.

विनिपेगकर

ग्लेनडेल सोडल्यावर शेवटचे दोन हंगाम तर एनएचएलचा हा संघ विद्यापीठाच्या साडेचार हजार आसनांच्या मुलेट अरीनात खेळला. आमच्याकडे सरावाला याहून जास्त लोक येतात असे लिहिणार होतो, पण मधली_रांग यांना वाईट वाटेल.

मधली_रांग

वाईट वाटत नाही. १७ एप्रिल २०२४ ला त्याच छोट्या अरीनात एडमंटनला ५-२ ने हरवून आम्ही निरोप घेतला आणि सामना संपल्यावर लोक उठायला तयार नव्हते. उलट मुलेटने एक गोष्ट सिद्ध केली: पूर्वेकडे, टेम्पीत, लोक येतात. वाटसरू यांचा मुद्दा पुन्हा तेथेच येतो.

रखरखाट

चर्चा चांगली झाली आहे, म्हणून मूळ प्रश्न थोडा नेमका करतो. ग्लेनडेलने २००९ मध्ये संघ धरून ठेवणे योग्यच होते, या मतावर मी ठाम आहे, कारण २००३ चे कर्ज डोक्यावर असताना दुसरा मार्ग नव्हता. परंतु आकडेमोड यांच्या किमतींच्या ओळीमुळे मला असे विचारावेसे वाटते की २०१३ च्या करारात पुढील विक्रीच्या किमतीतील हिस्सा शहराने का मागितला नाही? वर्षाला दीड कोटी द्यायचेच होते, तर त्याबदल्यात संघ पुन्हा विकला गेल्यास वाढीव किमतीचे दहा टक्के, एवढे एक कलम घालता आले असते.

कलम_सात

घालता आले असते, आणि देणगीबंदीच्या कसोटीवरही ते पार्किंगच्या हक्कांपेक्षा कितीतरी भक्कम ठरले असते, कारण तो प्रत्यक्ष मोबदला आहे. अडचण निराळी आहे. असे कलम एका संघाच्या कागदावर आले की लीगमधला प्रत्येक संघ ज्या शहरात खेळतो ते शहर दुसऱ्या दिवशी तेच मागेल. संघाचे हस्तांतरण लीगच्या गव्हर्नर मंडळाच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि २००९ मध्ये बाल्सिली यांना मालक म्हणून नाकारताना याच मंडळाने २६ विरुद्ध ० असे मतदान केले होते. त्या टेबलावरून हे कलम कोणाच्या सहीने पुढे गेले असते?

आकडेमोड

सही होत नाही म्हटल्यावर उठून जाता यायला हवे. ओहायोत १९९६ पासून कायदा आहे की करदात्यांच्या पैशावर उभ्या असलेल्या मैदानात खेळणाऱ्या संघाने हलण्याआधी सहा महिने सूचना द्यावी आणि स्थानिक ग्राहकांना खरेदीची संधी द्यावी. क्लीव्हलँडचा ब्राउन्स हा संघ गेल्यावर तो झाला आणि २०१८ मध्ये कोलंबस क्रू हा फुटबॉल संघ वाचवताना तो उपयोगी पडला. एकट्या उपनगराला लीगशी भांडता येत नसेल, तर ते काम राज्याच्या विधिमंडळाचे होते, आणि अॅरिझोनाच्या विधिमंडळाकडे २००९ पासून २०२४ पर्यंत भरपूर वेळ होता.

एकओळी

विधिमंडळाला कळवतो, संघ परत आला की कायदा करतील.